कोबेत पाच सेहेचाळीस, लोहाऱ्यात तीन छप्पन्न

ऑफिसातलं कोणी फॉरेनहून परत आलं की त्याला तीनच प्रश्न विचारले जातात. चॉकलेटं आणलीस का, खर्च किती झाला आणि तिथलं बेस्ट काय? पहिल्या दोन प्रश्नांना मी हसून बगल देतो. तिसऱ्याचं उत्तर मात्र माझ्याकडे कायम तयार असतं. खायला, फिरायला आणि निवांत पडायला, तिन्हींसाठी एकच नाव: कोबे.

यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. बँकॉक म्हटलं असतं तर त्याने डोळा मारला असता. पॅरिस म्हटलं असतं तर ‘वॉव’ आलं असतं. कोबे म्हटलं की प्रश्न येतो, ‘म्हणजे तो बास्केटबॉलवाला?’ बरोबर, बॉस. कोबे ब्रायंटच्या आईवडिलांनी त्याचं नाव कोबे बीफवरून ठेवलं होतं आणि ते बीफ याच गावचं. पण आमच्या घरात ते चालत नाही. त्यामुळे जगभरचे लोक ज्या एका पदार्थासाठी कोबेला धावतात, तो सोडून बाकी सगळं मी तुम्हाला सांगणार आहे.

झालं असं, की कंपनीने दोन आठवड्यांसाठी ओसाकाला पाठवलं. मधल्या वीकेंडला अख्खी टीम क्योटोला गेली, देवळं आणि लाल पानं बघायला. मी त्यांना टाटा केला आणि उलट्या दिशेची ट्रेन पकडली. ओसाका ते कोबेचं सान्नोमिया स्टेशन फास्ट लोकलने वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे आपण हिंजवडीच्या पहिल्या सिग्नलला जेवढा वेळ थांबतो, साधारण तेवढा. मी कोबेच का निवडलं, ते ओघाने येईलच.

कोबे म्हणजे पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचं बंदर. एका बाजूला रोक्कोचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे पट्टीसारखं लांबट शहर. इथे पत्ता विचारला तर उत्तर-दक्षिण कोणी सांगत नाही. ‘डोंगराकडची बाजू’ नाही तर ‘समुद्राकडची बाजू’, बस्स. मोठ्या दुकानांतल्या पाट्यासुद्धा तशाच. मला हे एकदम ओळखीचं वाटलं. माझं गाव लोहारा, जिल्हा धाराशिव. आमच्याकडेही रस्ता विचारला की ‘वरल्या अंगाला’ किंवा ‘खालच्या अंगाला’ एवढंच उत्तर मिळतं आणि गंमत म्हणजे माणूस पोचतोही.

आधी पोटोबा

जपानमध्ये सकाळी भात आणि मासे खातात, असं ऐकून गेलेल्यांना कोबे सुखद धक्का देतं. हे पावाचं गाव आहे. १८६८ मध्ये बंदर परदेशी व्यापारासाठी उघडलं. गोरे आले, त्यांच्यामागून बेकऱ्या आल्या आणि त्या इथल्याच होऊन गेल्या. माझी फेव्हरिट फ्रॉइंडलीब. पहिल्या महायुद्धात कैदी म्हणून जपानला आलेल्या एका जर्मन माणसाने १९२४ मध्ये ही बेकरी सुरू केली. आता ती एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. खाली बेकरी, वर कॅफे. उंच छताखाली बसून सँडविच खाताना आपण प्रार्थनेला आलोय की ब्रेकफास्टला, हेच कळत नाही. दोन्ही म्हणा ना!

त्यानंतर कॉफी. कोबेकर कॉफीच्या बाबतीत आपल्या अमृततुल्यवाल्यांइतकेच हट्टी आहेत. कॅनमधली दूध-कॉफी १९६९ मध्ये बाजारात आणणारी यूसीसी ही कंपनी इथलीच. पण मी सांगेन, निशिमुरामध्ये जा. लाकडी टेबलं, जाड कप, घाई शून्य. हे दुकान १९४८ चं. ज्या वर्षी आपला मराठवाडा निजामाच्या हातातून सुटला, त्या वर्षापासून ही मंडळी शांतपणे कॉफी गाळतायत.

दुपारी नानकिनमाची. हे कोबेचं चायनाटाऊन. दोन-तीन गल्ल्यांचाच पसारा, पण वाफेवरच्या पावांचा वास तुम्हाला स्टेशनापासून ओढून आणतो. हातात गरम पाव घ्यायचा आणि चौकात उभं राहून खायचा. प्लेट, चमचा, टेबल, सगळ्याला सुट्टी. शाकाहारी मंडळींनी मात्र डोंगराकडच्या बाजूला, कितानोत जावं. तिथे भारतीय हॉटेलं आहेत आणि त्यांच्यामागे एक गोष्टही आहे. १९२३ मध्ये तोक्यो-योकोहामाला मोठा भूकंप झाला. योकोहामात रेशमाचा व्यापार करणारे बरेच भारतीय तेव्हा बिऱ्हाड उचलून कोबेला आले. त्यांच्या पुढच्या पिढ्या इथेच रुजल्या. म्हणून तर जपानी घरांच्या गर्दीत १९८५ मध्ये बांधलेलं पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर दिसतं आणि आपण दोन सेकंद राजस्थानात असल्यासारखे थबकतो.

आता माझा नंबर वन पदार्थ. सोबामेशी. त्यासाठी शहराच्या पश्चिमेला नागाता भागात जायचं. नागाता म्हणजे चपला-बुटांच्या छोट्या कारखान्यांचा कामगार इलाखा. असं म्हणतात, की कारखान्यातले कामगार डब्यातला गार भात घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात यायचे आणि म्हणायचे, तव्यावर नूडल्स परततेसच, तर हाही टाक त्यात. झाला सोबामेशी! नूडल्स बारीक तोडायच्या, भात टाकायचा आणि उलथन्याने खटाखट परतायचं. रात्रीच्या उरलेल्या भाकरीचा कुस्करा करून फोडणी देणाऱ्या माणसाला हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. यातही बीफ घालायची पद्धत आहे. तेव्हा चालत नसेल तर आधीच सांगा, ‘ग्यूनिकु नाशी’. माझ्या दुकानातल्या काकू एवढ्या हसल्या, की मी नक्की काय बोललो याची मलाच शंका आली. पण प्लेट बरोबर आली.

खाताना समोरच्या खिडकीतून बाहेर बघत होतो. रस्ता रुंद, इमारती सगळ्या नव्या, एकसारख्या वयाच्या. कुठे जुनी भिंत नाही, जुना वाडा नाही. मला ते दृश्य लगेच ओळखू आलं. आमच्या भागातली गावं अशीच दिसतात.

मग विठोबा, म्हणजे भटकंती

आता सांगतो, कोबेच का.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर जमीन हलली. जगाने नाव ऐकलं किल्लारीचं. पण लोहारा भागातलं सास्तूरही त्याच रात्री आडवं झालं आणि आजूबाजूची कितीतरी गावंही. एकूण बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. गेलेल्या माणसांचा आकडा तुम्ही कुठला धरता त्यावर आठ ते दहा हजार. मी त्यानंतर साडेतीन महिन्यांनी जन्मलो, पत्र्याच्या शेडमध्ये. सास्तूर हे माझं आजोळ.

आणि १७ जानेवारी १९९५, पहाटे पाच सेहेचाळीस. कोबे. ६,४३४ माणसं गेली. एक लाखाहून जास्त घरं पूर्ण पडली. नागातात घरं आधी पडली आणि मग आग लागून गल्ल्याच्या गल्ल्या जळाल्या. मी सोबामेशी खात होतो तो रस्ता इतका नवा का दिसत होता, त्याचं हे उत्तर.

शाळेत आमचे एक मास्तर किल्लारीनंतर हमखास कोबेचं नाव घ्यायचे. तेव्हापासून हे नाव डोक्यात बसलं होतं. पहिल्यांदा संधी मिळाली आणि गेलो. सिंपल.

पण घाबरू नका, कोबे हे रडवणारं शहर अजिबात नाही. उलट इथे फिरताना फुल टू धमाल आहे. शिन-कोबे स्टेशनच्या मागेच नुनोबिकीचा धबधबा. बुलेट ट्रेनमधून उतरा, दहा-पंधरा मिनिटं चढा आणि समोर ४३ मीटरवरून पडणारं पाणी. आपल्या नळदुर्गच्या नर-मादी धबधब्यासारखा किल्ल्याचा थाट त्याला नाही, पण स्टेशनच्या पाठीमागे धबधबा ही चैन कुठे मिळते? आणखी वर गेलात की १९०० साली बांधलेलं धरण. काँक्रीटचं असं धरण जपानने पहिल्यांदा बांधलं ते इथे. कोबेचं पाणी विषुववृत्त ओलांडलं तरी खराब होत नाही, अशी जुन्या खलाशांमध्ये ख्याती होती. मला काठावर उभं राहून माकणीचं धरण आठवलं. तेरणेचं ते पाणी बघत आम्ही शाळेच्या सहलीत डबे खाल्ले आहेत. पाय दुखत असतील तर रोपवे आहे. वर बाग, खाली शहर, त्यापलीकडे समुद्र. एका फ्रेममध्ये अख्खं कोबे.

संध्याकाळी मेरिकेन पार्कला जा. लाल रंगाचा पोर्ट टॉवर, बोटी, सेल्फी काढणारी जोडपी, स्केटबोर्डवरची पोरं. याच सगळ्या गजबजाटात, कॉफीच्या दुकानापासून जेमतेम काही पावलांवर, धक्क्याचा साठ मीटरचा एक तुकडा मोडलेल्या अवस्थेत तसाच ठेवलाय. दिव्याचे खांब वाकलेले, काँक्रीट फाटून पाण्यात बुडालेलं. भूकंपाआधी हे जगातल्या पहिल्या दहांतलं कंटेनर बंदर होतं. त्यांनी बाकीचं सगळं दुरुस्त केलं आणि एवढा तुकडा मुद्दाम सोडला. एक मुलगी त्या कठड्याला टेकून आइस्क्रीम खात होती. मला आधी विचित्र वाटलं. मग वाटलं, नाही, हेच बरोबर आहे. आठवण गावाबाहेर कुंपणात ठेवली की वर्षातून एकदा हार घालायला जावं लागतं. ती अशी रस्त्यात असली की रोज भेटते.

नगरपालिकेच्या इमारतीशेजारी हिगाशी युएन्ची नावाची बाग आहे. तिथल्या एका पुतळ्याजवळचं घड्याळ पाच सेहेचाळीसवर थांबलं होतं. ते तसंच ठेवलंय. जवळ एक ज्योत रात्रंदिवस जळते. दरवर्षी १७ जानेवारीला बरोबर पाच सेहेचाळीसला लोक इथे कंदील लावून उभे राहतात. भूकंपाच्याच वर्षी, १९९५ च्या डिसेंबरात, याच भागात दिव्यांची एक भव्य रोषणाई सुरू झाली. तिचं नाव लुमिनारिए. कोविडच्या खंडानंतर २०२४ पासून ती जानेवारीत होते. जमलं तर तेव्हाच जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूकंप संग्रहालय. २००२ मध्ये उघडलेलं हे ठिकाण शहराच्या पूर्वेला, समुद्राच्या बाजूला आहे. सुरुवातीलाच एका अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यावर आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात ते पहिले काही सेकंद दाखवतात. नंतर पडक्या गल्लीतून चालत जायचं. पुढे लोकांनी स्वतःहून आणून दिलेल्या वस्तू आहेत. त्यांच्याशेजारी लिहिलंय, ती कोणाची आणि तिचं काय झालं.

तिथे मला एक गोष्ट समजली, जी मी आमच्या गावात राहून कधी धड समजून घेतली नव्हती. आमच्याकडे माणसं का मेली? दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर गार राहतं म्हणून पिढ्यानपिढ्या बांधलेलं. हादरा बसला आणि सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. आणि कोबेत? जुनी लाकडी घरं, त्यावर मातीत बसवलेली जड कौलं. बहुतेक माणसं घराखालीच गेली. तिथेही आणि इथेही छतानेच घात केला. दोन्ही ठिकाणचा समजही एकच होता, की ‘आपल्याकडे भूकंप होत नाही.’ तेव्हाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कोबेकरही मानायचे, की मोठे भूकंप तिकडे तोक्योला होतात. ताकद बघितली तर किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, कोबेचा ६.९. म्हणजे आमचा कितीतरी लहान. तरीही खेड्यांमध्ये माणसं त्यांच्या महानगरापेक्षा जास्त गेली. जमीन किती हलली यापेक्षा आपण कशाखाली झोपलो होतो, याचा हा हिशेब आहे.

या संग्रहालयात सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तिथली माणसं. भूकंपातून वाचलेले लोक स्वयंसेवक म्हणून येतात आणि आपली गोष्ट सांगतात. जपानीत त्यांना ‘कातारिबे’ म्हणतात, म्हणजे सांगणारे. मला भेटल्या त्या सत्तरीच्या बाई होत्या. इंग्रजी तोडकं, पण पुरेसं. त्यांनी सांगितलं, की पहिली दहा वर्षं त्या घरातसुद्धा यावर बोलल्या नाहीत. मग नातवंडाच्या शाळेत कोणीतरी बोलायला बोलावलं आणि तिथून सवय लागली. आता त्या नेमाने येतात. मी म्हटलं, मीही अशाच एका गावचा आहे. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कोण सांगतं?

मी गप्प बसलो. काय सांगणार?

आणि शेवटी निवांत

एवढं झाल्यावर अंग आणि डोकं दोन्ही जड झालं होतं. त्यावर कोबेकरांचा एकच उपाय, आरिमा. रोक्को डोंगराच्या पलीकडे, सान्नोमियाहून ट्रेन किंवा बसने तासाच्या आत, जपानमधलं एक अतिशय जुनं गरम पाण्याचं गाव. अरुंद चढाच्या गल्ल्या, लाकडी घरं, गटारीच्या झाकणातूनही वाफ.

इथे दोन प्रकारचं पाणी. ‘सोनेरी’ आणि ‘चंदेरी’. सोनेरी पाणी म्हणजे लोखंड आणि मीठ असलेलं. जमिनीतून येतं तेव्हा स्वच्छ असतं, हवा लागली की गंजासारखं लाल होतं. पहिल्यांदा बघून मला वाटलं, जूनमध्ये आमच्या नळाला येतं तेच आहे. पण उतरल्यावर, आहाहा! पाठीचा कणा नावाची गोष्ट आपल्याला आहे हे विसरायला होतं. चंदेरी पाणी साधं दिसतं, हलकं असतं. ‘किन नो यू’ हे सार्वजनिक स्नानगृह सोनेरी पाण्याचं, ‘गिन नो यू’ चंदेरीचं. नियम एकच आणि तो ऐकून आपल्याकडचे अर्धे लोक परत फिरतात. कपडे बाहेर, सगळे. बायका-पुरुष वेगळे असतात, पण आत टॉवेलसुद्धा पाण्यात नेत नाहीत. पहिली पाच मिनिटं मी छताकडे बघत बसलो. सहाव्या मिनिटाला कळलं, की आपल्याकडे कोणीही बघत नाहीये. लाज फारच वाटली तर ‘किन नो यू’च्या बाहेर पाय बुडवून बसायची सोय आहे, फुकट. वर तिथल्याच सोड्याच्या पाण्यात बनवलेली कुरकुरीत गोड बिस्किटं खायची.

आरिमाची भूकंपाशी जुनी ओळख आहे. १५९६ मध्ये इथे भूकंपाने नासधूस झाली, तेव्हा तोयोतोमी हिदेयोशी या तेव्हाच्या सर्वात बलाढ्य सरदाराने गाव पुन्हा उभं केलं. त्याने इथे स्वतःसाठी स्नानमहाल बांधल्याचं लोक सांगायचे, पण तो कुठे होता ते सापडत नव्हतं. १९९५ च्या भूकंपात एका देवळाची मागची इमारत पडली आणि तिच्याखालीच तो महाल निघाला. आज तिथे छोटं संग्रहालय आहे. जमीन हलते तेव्हा गाडलेलं वर येतं, हे त्या दिवशी दुसऱ्यांदा कळलं.

कारण संध्याकाळी पायऱ्यांवर बसून मी आईला फोन लावला. आरिमात आठ वाजले होते, म्हणजे लोहाऱ्यात साडेचार. तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच, ‘काय खाऊलालास तिथं?’ मी सोबामेशी सांगितला. ‘म्हंजे फोडणीचा भातच की!’ हा विषय तिथेच संपला. मग मी विचारलं, आई, त्या रात्री तू कुठे होतीस?

बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग ती बोलायला लागली. गौरी-गणपतीला ती माहेरी, सास्तूरला गेली होती. मी पोटात. विसर्जन बघून आल्यावर आत घुसमटायला लागलं म्हणून तिने अंगणात वाकळ टाकली. रात्री आज्जी उठून बाहेर आली. म्हणाली, दव पडतंय, पोटुशी बाई तू, आत ये. आई म्हणाली, नको, मला इथेच बरं वाटतंय. आज्जी आत जाऊन झोपली.

एवढंच. आज्जी भूकंपात गेली हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती एकदा बाहेर आली होती, हे माहीत नव्हतं. ‘मी तिला म्हणले असते, तूबी इथंच झोप,’ आई म्हणाली, ‘पण सुचलंच नाही बघ.’ तीस वर्षांहून जास्त काळ हे वाक्य ती एकटी सांभाळत होती. माझ्या पायाखाली गरम पाणी होतं आणि मला थंडी वाजत होती.

कोबेहून मी बिस्किटांचे डबे आणले, चहा आणला, फ्रिजवर लावायचे दोन मॅग्नेट आणले. पण खरं आणलं ते त्या सत्तरीच्या बाईंचा प्रश्न. तुमच्याकडे कोण सांगतं? आपल्याकडे ३० सप्टेंबरला श्रद्धांजली असते, सलामी असते, स्मारकावर फुलं असतात. ते हवंच. पण श्रद्धांजलीत गोष्ट नसते. गोष्ट घरात असते आणि सांगणारी माणसं आता म्हातारी होत चालली आहेत. आमच्या भागातली माझ्या वयाची निम्मी पोरं पुण्या-मुंबईला आहेत. आम्ही सुट्टीला जातो, धपाटे खातो, शेंगाची चटणी डब्यात भरतो आणि रविवारच्या रात्रीच्या गाडीने परत येतो. विचारायचं राहूनच जातं.

म्हणून गेल्या वेळी घरी गेलो तेव्हा मोबाइल चटईवर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. आई चाळीस मिनिटं बोलली. मग शेजारची काकू येऊन बसली. तिला तिचं सांगायचं होतं. जाताना ती म्हणाली, उद्या माझ्या जावेलाबी घेऊन येते.

तुमचं गाव सास्तूर नसेल. पण प्रत्येक घरात एक अशी रात्र असते, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. कुठे पूर असतो, कुठे दंगल, कुठे दुष्काळात मोडलेलं घर. पुढच्या सुट्टीत कोबेला जा, जरूर जा. आणि त्याच्या आधीच्या सुट्टीत घरी जा आणि विचारा.

कोबे इन शॉर्ट

कसं जाल: ओसाकाहून सान्नोमिया, फास्ट लोकलने वीस-पंचवीस मिनिटं. जपानचा व्हिसा आधी काढायला विसरू नका.

किती दिवस: दोन. पहिला दिवस कितानो, नुनोबिकी आणि मेरिकेन पार्क. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय, दुपारी नागाता, संध्याकाळी आरिमा. संग्रहालय सोमवारी बंद असतं.

कधी: लाल पानांसाठी नोव्हेंबर, दिव्यांसाठी जानेवारी.

हे चुकवू नका: कितानोतली १९३५ ची मशीद. १९४५ चे बॉम्ब आणि १९९५ चा भूकंप, दोन्ही झेलून ती उभी आहे.

तिथून शिकून या: जपानी हॉटेलात पलंगाशेजारी टॉर्च असते. मी पुण्याच्या फ्लॅटवर तेच सुरू केलंय. पलंगाखाली टॉर्च आणि जाड तळाची चप्पल, कारण हादरा बसला की पहिल्यांदा काचा फुटतात. रूममेट हसतात. हसू देत.